गिनी फाउल एकेक करून कमी होताहेत? जाळी बदलण्याआधी संध्याकाळी मोजा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. खुराडं पक्कं आहे, दाराला कडी आहे, तरी दर आठ-पंधरा दिवसांनी एक गिनी (गिनी फाउल, कोंबडीसारखा ठिपक्यांचा पाळीव पक्षी) कमी भरते. मग जाळी बदलली जाते, कुंपण उंच केलं जातं, अंगणात रात्रभर दिवा जळतो. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा एक पक्षी जातो. असं करत करत मोठा थवा चार-पाच पक्ष्यांवर येतो आणि पाळणारा वैतागून म्हणतो, गिनी टिकतच नाहीत.

गिनी टिकतात. फक्त कोंबडीचे नियम तिला जसेच्या तसे लावले की हा प्रकार होतो. कोंबडी अंधार पडू लागला की आपणहून खुराड्यात शिरते. गिनीचं मूळ आफ्रिकेतल्या माळरानांवरचं. तिथे ती दिवसभर जमिनीवर चरते आणि रात्री थव्याने झाडावर जाऊन बसते. पिढ्यान्‌पिढ्या पाळीव असली तरी संध्याकाळी तिची नजर वरच असते: झाड, छप्पर, भिंत, जे उंच दिसेल ते. म्हणून शिकारी प्राणी खुराड्यात कुठून शिरला हे शोधण्याआधी, गेलेला पक्षी त्या रात्री खुराड्यात होता का, हे शोधायला हवं. बऱ्याच वेळा तो नसतोच.

निदान: दोन वेळची मोजणी

आठवडाभर रोज दोनदा मोजा. एकदा संध्याकाळी दार लावताना, एकदा सकाळी दार उघडायच्या आधी. आकडा दारामागे खडूने लिहून ठेवा, लक्षात ठेवण्याच्या भरवशावर राहू नका. गिनी सतत हलत असतात, एकमेकींच्या मागे जातात, आणि पिसांवरचे ठिपके सगळ्यांचे सारखेच. दांडीवर बसल्या की मगच मोजता येतात. पायात वेगवेगळ्या रंगांचे प्लास्टिकचे कडे घातले तर नेमकी कोण गायब आहे हेही कळतं, आणि ते कळण्याचा पुढे फार उपयोग होतो.

संध्याकाळी आकडा पूर्ण आणि सकाळी कमी, तर खुराड्यात कुठेतरी वाट आहे. संध्याकाळीच आकडा कमी, तर पक्षी बाहेर राहतोय आणि तुम्ही खुराडं कितीही मजबूत केलंत तरी त्याला फायदा नाही. सकाळी सोडल्या तेव्हा पूर्ण होत्या आणि दुपारी एक दिसेनाशी झाली, तर दिवसाची शिकार आहे किंवा मादी गवतात अंड्यांवर बसली आहे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावल्यामुळेच ही समस्या पुन्हा पुन्हा उगवते.

संध्याकाळी आत येत नाहीत

हे कारण सगळ्यांत जास्त आढळतं, म्हणून यावर जास्त लिहितो.

दिवसा गिनीइतका चांगला राखणदार नाही. आकाशात ससाणा दिसला, गवतात साप हलला, अनोळखी माणूस फाटकाशी आला की अख्खा थवा कर्कश ओरडून परिसर डोक्यावर घेतो. त्यामुळे पाळणाऱ्याला वाटतं की हे पक्षी स्वतःला सांभाळतील. पण अंधारात तिला फारसं दिसत नाही. फांदीवर बसलेली गिनी रात्री हलत नाही, उडत नाही, घुबड शेजारी येऊन बसलं तरी बऱ्याचदा तिथेच थिजून राहते. झाडावर चढणाऱ्या मांजरवर्गीय प्राण्यांना तर ती जागा एकदा कळली की रोजची होते.

आत न येण्याचं पहिलं कारण अंधार. संध्याकाळी दारात उभं राहून जरा पाहा. थवा दारापर्यंत येतो, पुढची गिनी मान लांब करून आत डोकावते, एक पाय उचलते आणि तसाच धरून ठेवते. आत काळोख आहे, बाहेर अजून थोडा उजेड आहे. ती मागे फिरते आणि तिच्यामागे अख्खा थवा फिरतो. पाच मिनिटांत सगळ्या छपरावर. इथे उपाय अगदी सोपा आहे: सूर्य मावळायच्या आधीच खुराड्यात एक मंद दिवा लावा, म्हणजे बाहेरच्यापेक्षा आत उजेड जास्त दिसेल. सगळ्या दांडीवर चढल्या, दार लागलं, मग दिवा मालवा. कोणी जमिनीवर असताना दिवा घालवू नका. तिला वर चढता येत नाही आणि ती अंधारात धडपडून बाकीच्यांनाही घाबरवते.

दुसरं कारण दार. कोंबड्यांसाठी ठेवलेलं छोटं भोकासारखं दार गिनीला नको वाटतं. त्या एकेक करून शिरत नाहीत, घोळक्याने शिरतात. माणूस वाकून जाऊ शकेल एवढं रुंद दार असलं तर फरक त्याच आठवड्यात दिसतो. दाराजवळ कुठलीही नवी वस्तू ठेवू नका. नवी बादली, उलटी टेकवलेली फळी, वाळत घातलेला कपडा, एवढ्यानेही थवा अडतो. एखाद्या दिवशी अचानक कोणीच आत जात नसेल तर आज तिथे काय बदललं, हे आधी बघा.

तिसरं कारण भांडण, आणि हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नर गिनी, विशेषतः विणीच्या काळात, आत आलेल्या दुबळ्या पक्ष्याला किंवा कोंबड्याला पाठीवरची पिसं उपटत पळवतो. मार खाल्लेला पक्षी दुसऱ्या दिवशी आत यायचं टाळतो. रोज त्याच रंगाचं कडं पायात असलेली गिनी बाहेर राहत असेल तर ती हट्टी नसते, तिला आत जागा नसते. दांड्या वाढवा आणि सगळ्या एकाच उंचीवर लावा, म्हणजे सर्वांत वरच्या दांडीसाठी मारामारी होत नाही. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. तरीही एखादा नर ऐकत नसेल तर त्याला वेगळा ठेवा. एका नरापायी चार माद्या घुबडाच्या तोंडी देण्यात काही अर्थ नाही.

सवय कशी लावायची

नव्याने आणलेल्या गिनी लगेच मोकळ्या सोडू नका. सहा आठवडे तरी खुराड्यात आणि त्याला जोडलेल्या जाळीच्या अंगणात कोंडून ठेवा, तेव्हा कुठे ही आपली जागा असं त्यांच्या डोक्यात बसतं. मोठे पक्षी आणले असतील तर त्याहून जास्त काळ लागतो. पिल्लांपासून वाढवलेला थवा खूप सोपा जातो.

मग पहिल्या दिवशी दोन-तीनच सोडा आणि बाकीच्या आत ठेवा. गिनीला थव्याशिवाय करमत नाही. बाहेरच्या दोघी-तिघी आतल्यांच्या हाका ऐकत जाळीभोवतीच घुटमळतात आणि दार उघडलं की आत पळतात. काही दिवसांनी आणखी दोन-तीन. सोडायची वेळ सुरुवातीला सकाळची नको. संध्याकाळच्या दाण्याच्या तासभर आधी सोडा, पोटात भूक असताना. म्हणजे दाण्याचा डबा वाजला की परत येण्यात त्यांचाही फायदा असतो.

त्या डब्याचं महत्त्व मी कितीही सांगितलं तरी कमीच. रोज तोच डबा, तोच आवाज, तीच वेळ, आणि तो दाणा फक्त खुराड्याच्या आतच. बाजरीसारखं बारीक धान्य त्यांना फार आवडतं. दिवसभर बाहेर भरपूर दाणा टाकून संध्याकाळी डबा वाजवला तर कोणी ढुंकूनही बघणार नाही. सकाळी कमी आणि संध्याकाळी आत जास्त, असं ठेवा. एक दिवसही चुकवू नका, कारण बाहेर झोपण्याची सवय एका रात्रीत लागते आणि मोडायला आठवडे जातात.

तरीही काही बाहेर राहिल्या तर त्यांच्यामागे धावू नका. गिनी धावत्या माणसापुढे उडते. दोन्ही हातांत लांब काठ्या आडव्या धरून, हात लांबवल्यासारखं, सावकाश मागून चाला. थवा पुढे सरकत जातो आणि थोडी काठी हलवली की वळतो. छपरावर एखादी बसलीच तर पूर्ण अंधार पडू द्या, मग शिडी लावून दोन्ही पंखांवरून घट्ट धरून उचला. पाय धरून ओढायचं नाही. गिनीचा पाय कोंबडीपेक्षा नाजूक असतो, झटापटीत सांध्यातून निखळतो किंवा मोडतो.

पंख कापावेत का, असं हमखास विचारलं जातं. एका बाजूची उडायची पिसं कापली तर ती नीट उडू शकत नाही हे खरं, पण कुत्र्यापासून सुटण्याचा तिचा एकमेव मार्गही तोच आहे. पूर्ण बंदिस्त अंगण असेल तरच कापा. मोकळ्या चरणाऱ्या थव्याची पिसं कापणं मला पटत नाही.

खुराडं: कुठे पैसे घालायचे

जागा प्रत्येक पक्ष्यामागे निदान ३ ते ४ चौरस फूट. पाऊस किंवा हल्ल्यांमुळे दिवसभर कोंडून ठेवायची वेळ येणार असेल तर त्याहून बरीच जास्त. दाटीवाटीत गिनी एकमेकींची पिसं उपटतात आणि रात्री दचकल्या तर एका कोपऱ्यात एकीवर एक चढून खालच्या गुदमरतात. दांडी जमिनीपासून ४ ते ५ फुटांवर, साधारण दोन इंच जाडीची, कडा घासून गोल केलेली. बाहेरच्या झाडावर जायची ओढ कमी करायची तर आत उंची द्यावीच लागते.

दांडीच्या मागची भिंत पत्र्याची किंवा फळीची हवी, जाळीची नको. जाळीला टेकून झोपलेल्या पक्ष्याला बाहेरून पंजा घालून ओढता येतं. आतला पक्षी आत राहतो आणि पाय किंवा डोकं गेलेलं असतं. दांडी आणि जाळी यांच्यात हातभर अंतर ठेवलं की हा प्रकार थांबतो.

जाळीबद्दल स्पष्ट सांगतो. षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी पक्ष्याला आत ठेवण्यासाठी आहे, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, मुंगूस मोठ्या भोकातून अंग चोरून आत येतो. वेल्ड केलेली, अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची जाळी घ्या. ती महाग पडते. सगळीकडे परवडत नसेल तर खालचे तीन फूट, खिडक्या आणि हवेच्या झरोक्यांना तरी तीच लावा. स्टेपल पिनांवर विसंबू नका, जोर लावला की निघतात. जाळीवरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रू मारा.

खालून उकरून येणाऱ्यांसाठी जाळी सरळ खोल पुरण्यापेक्षा दीड फूट रुंदीची पट्टी भिंतीला जोडून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा आणि वर माती-दगड टाका. कोल्हा किंवा कुत्रा भिंतीच्या मुळाशीच उकरतो. पायाखाली जाळी लागली की मागे सरून लांबून बोगदा काढण्याचं त्याला सुचत नाही.

कडीचा विचार वेगळा करा. नुसती फिरवायची लाकडी खिट्टी कुत्र्याच्या नाकानेही उघडते. कडीत अडकवायचा स्प्रिंगचा हुक लावा. स्वयंचलित दार बसवणाऱ्यांना एक सूचना: गिनीच्या बाबतीत ते वेळेवर सोडून चालत नाही. कोंबड्या आत गेलेल्या असतात, दार ठरल्या वेळी लागतं आणि अर्धा गिनीथवा बाहेर अडकतो. दार आपोआप लागलं तरी मोजणी माणसानेच करायची.

हवा वरून खेळती ठेवा, छपराच्या कडेखाली. आत वाकल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर तूस ओलं झालंय, बदला. दाणा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. खुराड्यात साप शिरण्याचं मूळ बऱ्याचदा दाण्याच्या पोत्याशी असतं.

कोण येऊन गेलं ते ओळखा

मोजणीत खुराड्याचाच दोष निघाला तर झाडलोट करण्याआधी जागा नीट बघा. पुरावा त्याच सकाळी मिळतो.

पक्षी पूर्ण गायब, चार-दोन पिसं, कुंपणापर्यंत ओढल्याची रेघ: कोल्हा, किंवा एकटा आलेला मोठा प्राणी. अनेक पक्षी मेलेले, इकडेतिकडे फेकलेले, फारसे खाल्लेले नाहीत: बहुतेक कुत्रे. शेजारचा पाळलेला कुत्राही असू शकतो, तेव्हा भटक्यांनाच दोष देऊन थांबू नका. अनेक मेलेले, मानेवर किंवा डोक्यामागे बारीक दातांच्या खुणा: मुंगसासारखा लहान, सडपातळ शिकारी. अशा वेळी दोन बोटं शिरतील एवढी फट शोधा, ती कुठेतरी सापडतेच. डोकं आणि मान नाही, धड तिथेच, आणि पक्षी रात्री उघड्यावर होता: घुबडाचा संशय आधी घ्या. भर दिवसा एका जागी उपटलेल्या पिसांचा गोल ढीग: ससाणा किंवा तत्सम शिकारी पक्षी. अंडी टरफलासकट नाहीशी: साप. टरफलं फुटून विखुरलेली: मुंगूस, उंदीर किंवा कावळा. आणि मेलेल्या पिल्लाचं डोकं-खांदे ओलसर, पिसं चिकटून बसलेली दिसली तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलंय.

यातलं काहीही शंभर टक्के खात्रीचं नाही, कारण मेलेल्या पक्ष्यावर दुसराही प्राणी येऊन जातो. माती भुसभुशीत करून दारासमोर आणि भिंतीलगत पसरून ठेवा, दुसऱ्या दिवशी ठसे मिळतात.

विष ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, मांजर खातं, तुमचा कुत्रा खातो. सापळे लावायच्या आधी तिथला वन्यजीवांचा कायदा बघा. शिकारी पक्षी आणि कित्येक वन्य प्राणी बहुतेक देशांत संरक्षित आहेत. आणि एक प्राणी मारला तरी मोकळी झालेली जागा दुसरा घेतो, फट मात्र तशीच राहते.

खुडूक मादी

विणीच्या हंगामात माद्याच कमी होत असतील तर कारण जवळजवळ ठरलेलं असतं. गिनी उंच गवतात, झुडपाच्या बुडाशी घरटं करते. कित्येकदा तीन-चार जणी एकाच घरट्यात अंडी घालतात आणि वीस-तीस अंडी जमली की एखादी खुडूक होऊन बसते. उबवणीला २६ ते २८ दिवस लागतात. तेवढ्या सगळ्या रात्री ती एकटी, जमिनीवर, अंधारात. त्यातून फार थोड्या वाचतात.

गिनी साधारणपणे उशिरा सकाळी ते दुपारपर्यंत अंडी घालतात. म्हणून हंगामात थवा दुपारी सोडा. बरीचशी अंडी खुराड्यातच पडतील. आत अंधाऱ्या कोपऱ्यात गवताचा भारा उभा करून आडोसा केला तर त्यांना तो पसंत पडतो. बाहेरचं घरटं शोधायचं तर नरावर लक्ष ठेवा. मादी आत बसलेली असते तेव्हा तो जवळच उभा राहून पहारा देतो. घरटं सापडल्यावर सगळी अंडी उचलू नका, तीन-चार खुणेची ठेवा, नाहीतर ती दुसरी, अजून अवघड जागा शोधते. खुणेची अंडी पेन्सिलने रेघ मारून ओळखता येतात. मादी बसलीच असेल तर रात्री उचलून आत आणा आणि अंडी शांत कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवा. उचललेली गिनी नव्या जागी बसेलच असं धरून चालू नका.

पिल्लांच्या बाबतीत गिनी आई त्यांना भल्या पहाटे दवाने भिजलेल्या गवतातून फिरवते आणि पहिल्या दोन आठवड्यांत भिजलेलं पिल्लू गारठून मरतं. ते शिकाऱ्याच्या खात्यावर लिहिलं जातं, पण नुकसान ओलाव्याचं असतं. पिल्लं कोरड्या, उबदार, अर्ध्या इंची जाळीच्या पेटीत वाढवा. जाळी वरूनही हवी, कारण ती लवकर उडू लागतात. पाण्याचं भांडं उथळ ठेवून त्यात गोटे टाका.

हल्ला झाल्यानंतरची रात्र

जिथे एकदा मिळालं तिथे शिकारी पुन्हा येतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच रात्री. म्हणून दुरुस्ती पुढच्या रविवारवर ढकलू नका. फट सापडली नाही तर तेवढ्या रात्रीपुरतं पत्र्याच्या, बंद भिंतींच्या दुसऱ्या खोलीत थवा हलवा, गाडीचं गॅरेजही चालेल. जखमी पक्ष्याला वेगळा करा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या टोचतात. जखम स्वच्छ कोमट पाण्याने धुवा आणि खोल असेल तर पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या चाव्याची जखम वरून लहान दिसते आणि आत पू धरते.

घाबरलेला थवा पुढचे काही दिवस खुराड्यात शिरायला तयार होणार नाही, त्या जागेचीच त्यांना भीती बसलेली असते. त्यांना पुन्हा आठ-दहा दिवस कोंडून ठेवावं लागतं. आतलं रक्त लागलेलं तूस काढून नवं टाका, दिवा रोजच्यापेक्षा लवकर लावा, डबा नेहमीच्याच वेळी वाजवा आणि दारामागचा आकडा पुन्हा पहिल्या दिवसापासून लिहायला घ्या.